मांजराची खाज : आधी ताटली तपासा

या पानावर आपण भातावरचे तुडतुडे वाचता, काजूवरचा ढेकण्या वाचता, म्हशीच्या कासेचा दाह वाचता. आज मांजराबद्दल वाचायचे आहे. हसू नका. ज्यांच्या घरात भाताची कणगी आहे, माळ्यावर बियाण्याचे पोते आहे, पडवीत नारळ आणि काजू-बी पडलेली आहे, त्यांना मांजराची किंमत मी वेगळी सांगायला नको. उंदीर खातो त्याहून जास्त नासवतो. पोती कुरतडतो, लेंड्या टाकतो, धान्यावर मुततो. आपल्या सिंधुदुर्गात लेप्टोची धास्ती असल्यापासून तर उंदराचे मूत म्हटले की अंगावर काटा येतो.

पण याच मांजराच्या मानेवरचे केस गेले, खाजवून खाजवून डोके सोलले की ते घराला नकोसे होते. ‘खरूज लागली, पोरांना लागेल’ असे कोणीतरी म्हणते. मग एके दिवशी त्याला पोत्यात घालतात आणि बाजारात किंवा खाडीपलीकडे सोडून येतात. पाळलेले जनावर उपाशी मरेल अशा रीतीने विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आणि पुष्कळदा त्या मांजराला खरूज नसतेच. त्याला आपण रोज प्रेमाने वाढतो त्याच खाण्याचे वावडे असते.

आधी माझी चूक

हे मी शहाणपणा शिकवायला लिहीत नाही. माझ्या हातून एक मांजर मेले आहे, म्हणून लिहितो.

२०१५ सालचा उन्हाळा. नोकरीला लागून दीड-दोन वर्षे झाली होती. एका गावात बीजप्रक्रियेची बैठक संपवून निघालो तर एक ताई मांजर घेऊन पुढे आल्या. मांजर सारखे खाजवत होते. ‘साहेब, पिसवा झाल्यात वाटतं, काय लावू?’ मी कृषी पदविकाधारक. डिप्लोम्यात आम्हाला गाय, म्हैस, शेळी, कोंबडी होती. मांजर नव्हते. पण ‘मला माहीत नाही’ म्हणायची तेव्हा लाज वाटायची. मी म्हटले, गुरांच्या गोचिडांचे औषध घरात आहे ना, तेच थोडे पातळ करून चोळा.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मांजराच्या तोंडाला फेस, अंगाला थरथर, मग झटके. रात्री ते गेले. त्या ताई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागले.

नंतर तालुक्याच्या दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनी मला समजावले. गुरांच्या गोचिडांवर जी सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन जातीची औषधे आपण वापरतो, ती गाईच्या अंगावर चालतात, कुत्र्यालाही त्या मानाने सोसतात. मांजराच्या यकृताला मात्र असली द्रव्ये नीट निकामी करता येत नाहीत. शिवाय मांजर अंग चाटते, म्हणजे बाहेर लावलेले सगळे पोटात जाते. हीच गोष्ट फिनेलची, रॉकेलची, गाडीच्या काळ्या ऑइलची, आणि डोक्यातल्या उवांच्या औषधाची. पूर्वी लोक बीएचसी पावडर, आपली ‘गॅमेक्झिन’, सर्रास टाकत. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे, तरी माळ्यावर जुना डबा निघतो. निघाला तर त्याला हात लावू नये. ताप-अंगदुखीची पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराला जीवघेणी आहे, अर्धीसुद्धा.

तेव्हा पहिली विनंती ही की, मांजर खाजवते म्हणून त्याच्या अंगावर स्वतःच्या मनाने काहीही लावू नये.

देवगडच्या खाडीकाठची मनी

२०२३ च्या ऑक्टोबरात भाताच्या पीक कापणी प्रयोगासाठी देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका वाडीत होतो. मापे घेऊन झाली, आजींनी ओटीवर चहा दिला, आणि कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘सायबानु, ह्या माजराक काय झाला ता बगा मा. झील म्हणता, सोडून येतंय.’

टोपलीत पाचेक वर्षांची पांढरी-करडी भाटी होती. नाव अर्थात मनी. कानांच्या पुढचे केस उडालेले, मानेवर ओरखडे, त्यावर खपल्या. पाठीवरून हात फिरवला तर केसांखाली बारीक बारीक खपल्या बोटाला लागत, नाचणीचे दाणे सांडल्यासारख्या. पशुवैद्यकांच्या पुस्तकात या लक्षणाला बाजरीच्या दाण्यावरूनच नाव दिले आहे. पोटाखाली केस चाटून चाटून साफ झाले होते. आजी सांगत होत्या की हे गेल्या पावसाळ्यापासून चालू आहे. थंडीत थांबले नाही, उन्हाळ्यात थांबले नाही. एकदा कोणाकडून तरी खाजेचे इंजेक्शन मारून आणले, तीन आठवडे बरे वाटले, मग पुन्हा तेच.

या वेळी मी ‘मला माहीत नाही’ असे सरळ सांगितले. आजींच्या मुलाला, मनीला आणि टोपलीला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी आधी खाण्याचे नावही काढले नाही. आधी खरूज आहे का ते पाहिले. मांजराची खरूज कानाच्या कडेपासून सुरू होते, तिथे जाड राखाडी पापुद्रे येतात. खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, किडा नव्हता. मग गजकर्ण. त्यात गोल गोल केस जातात आणि घरातल्या मुलांच्या अंगावर चकंदळे उठतात. तेही नव्हते. हे दोन्ही रोग माणसाला लागू शकतात, म्हणून घरच्यांची भीती अगदीच चुकीची नसते. मात्र ती तपासून घ्यायची असते.

त्यानंतर पिसवा. ही तपासणी आपण घरीही करू शकता. बारीक दातांची फणी मांजराच्या पाठीवरून, शेपटीच्या मुळाजवळून फिरवावी आणि जे निघेल ते ओल्या पांढऱ्या कागदावर झटकावे. काळे ठिपके पाण्याने विरघळून तांबूस झाले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच पचलेले रक्त. खाजणाऱ्या मांजरांत सगळ्यात मोठे कारण पिसवाच असते. काही मांजरांना थोड्या चावांनीही अंगभर खाज सुटते. मांजर अंग चाटून पिसवा गिळून टाकते, म्हणून दिसल्या नाहीत तरी नाहीत असे समजू नये. डॉक्टरांनी मनीला खास मांजरासाठी असलेले मानेवर टाकायचे थेंब दिले. महिन्याने पुन्हा दिले. घरातल्या कुत्र्यालाही त्याचे वेगळे औषध दिले. गोधड्या, पोती, टोपलीतले फडके उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात टाकायला लावले. हे दोन महिने केले.

मनी खाजवतच राहिली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘आता तिला काय खायला घालता ते सांगा.’

आजींनी हसून सांगितले : भात-आमटी, म्हणजे माशांचीच आमटी. बांगड्याचे डोके. तारल्या असतील तर तारल्या. पावसात सुका बोंबील नाहीतर सुकट. सकाळी दुधाची वाटी. कोंबडी केली तर तिच्यातले. आपल्या किनाऱ्यावर मांजर पाळणाऱ्या कुठल्याही घराने याहून वेगळे उत्तर दिले नसते.

रोजचेच खाणे, मग आताच का?

हा प्रश्न आजींनी विचारला आणि आपल्याही मनात आला असेल. पाच वर्षे मासळी खाऊन काही झाले नाही, मग आता कसे? वावडे हे नव्या पदार्थाचेच असते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या प्रथिनाला वारंवार भेटल्यावर कधीतरी त्याला शत्रू ठरवते. म्हणून वावडे बहुधा जुन्या, नेहमीच्या खाण्याचेच निघते. कोवळ्या पिलातही दिसते, म्हाताऱ्या बोक्यातही सुरू होते.

ओळख काय? एक तर ही खाज हंगाम पाहत नाही, बारा महिने असते. दुसरे, डोके, कान, मान आणि पोट या जागा जास्त धरते. काहींच्या वरच्या ओठावर जखम होते. काहींना सोबत उलट्या किंवा पातळ शी होते. पण नुसत्या लक्षणांवरून खात्री देता येत नाही, आणि रक्त किंवा केस तपासून खाण्याचे वावडे सांगणाऱ्या चाचण्यांवर भरवसा ठेवता येत नाही. त्यांत निरोगी मांजरेही ‘दोषी’ ठरतात. पैसे घालवू नयेत.

२०१६ मध्ये म्युलर, ऑलिव्री आणि प्रेलो या पशु-त्वचारोगतज्ज्ञांनी जगभर नोंदलेल्या, वावडे सिद्ध झालेल्या ७८ मांजरांचा आढावा छापला. त्यात गोमांसाचे वावडे १८ टक्के मांजरांना, मासळीचे १७ टक्क्यांना आणि कोंबडीचे ५ टक्क्यांना निघाले. गहू, मका आणि दुधाचे प्रत्येकी ४ टक्के. ही बहुतेक परदेशातली मांजरे, तिथे ती डब्यातले गोमांस खातात. आपली मांजरे बांगडा खातात. तेव्हा हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावू नयेत, पण मासळी त्या यादीत एवढी वर आहे ही गोष्ट कोकणातल्या माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आठ आठवड्यांचे पथ्य

वावडे ओळखण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे. मांजराने पूर्वी न खाल्लेले किंवा क्वचितच खाल्लेले एकच मांस घ्यावे, तेवढेच द्यावे, बाकी सर्व बंद करावे आणि वाट पाहावी. किती? पूर्वी तीन आठवडे सांगत. २०१५ मध्ये याच तज्ज्ञांनी दाखवले की आठ आठवडे पथ्य पाळले तर वावडे असलेल्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक मांजरांत फरक दिसतो. तीन आठवड्यांत पुष्कळशी हुकतात.

आजींच्या घरात बकऱ्याचे मटण वर्षातून दोनदा शिजते आणि मनीच्या वाट्याला कधी आलेले नव्हते. म्हणून मटण ठरले. आपल्या मांजराने मटण नेहमी खाल्ले असेल तर ससा, बदक, डुक्कर यांपैकी जे कधी खाल्ले नसेल ते घ्यावे. ‘मगे मासो देवचो नाय? ता खातला काय?’ हा आजींचा प्रश्न दवाखानाभर हशा पिकवून गेला.

साडेतीन-चार किलोच्या मांजराला शिजवलेले दीड-पावणेदोनशे ग्रॅम मांस रोज लागते. मटणाचा भाव पाहता हे महाग आहे, खोटे कशाला बोला. आजींच्या मुलाने खाटकाशी बोलून ठेवले. विकायच्या तुकड्यांची छाटण, दिल आणि थोडे फुफ्फुस असे तो बाजूला काढून ठेवी, आणि ते पुष्कळ स्वस्त पडे. दिल घालावेच. मांजराला टॉरिन नावाचे एक द्रव्य मांसातूनच मिळवावे लागते, शरीरात ते पुरेसे तयार होत नाही, आणि दिलात ते भरपूर असते. टॉरिन कमी पडले तर मांजर आंधळे होते हे १९७५ मध्ये, आणि त्याचे हृदय फुगून निकामी होते हे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले. काळीज मात्र जास्त देऊ नये. आठवड्यातून दोनदा अंगठ्याएवढा तुकडा पुरे, कारण त्यातले अ जीवनसत्त्व साठून हाडे बिघडतात.

(इथे माळकरी घरांसाठी एक वाक्य. आपण मांसाहार करत नाही हे ठीक, पण मांजराला तसा नियम लावता येत नाही. दूध-भाकरीवर वाढलेले दिसणारे मांजर खरे तर आपल्या नजरेआड उंदीर-पाली खाऊन तगलेले असते. त्याला कोंडून ठेवून नुसते दूध-भाकरी घालणे म्हणजे त्याला हळूहळू मारणे होय.)

शिजवताना मीठ, हळद, मसाला, तेल काही घालू नये. कांदा-लसूण तर मुळीच नाही. त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. थोड्या पाण्यात उकडावे आणि ते पाणी टाकून न देता मांसावरच ओतावे, कारण टॉरिन पाण्यात उतरते. हाडे काढून टाकावीत, शिजलेले हाड फुटून घशात-आतड्यात रुतते.

बदल एका दिवसात करू नये. आठ-दहा दिवसांत जुने कमी, नवे जास्त, असे करत जावे. आणि मांजर हट्टी जनावर आहे. ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेब कुत्र्याला लागू पडतो, मांजराला नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर, विशेषतः अंगाने भरलेले मांजर, यकृतात चरबी साठून दगावू शकते. दीड-दोन दिवस तोंड लावले नाही तर पथ्य सोडून डॉक्टरांकडे जावे. पिलांवर, गाभण आणि पाजणाऱ्या भाटीवर हा प्रयोग घरच्या घरी मुळीच करू नये. ज्यांना परवडते त्यांच्यासाठी शहरातल्या पशुवैद्यकांकडे प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले तयार खाद्य मिळते. ते तुकडे इतके लहान असतात की शरीर त्यांना ओळखत नाही. काम तेच करते.

मनीचे पथ्य २०२३ च्या डिसेंबरात सुरू केले. मुहूर्त आजींनीच काढला. मार्गशीर्ष लागला होता, घरात बऱ्याच दिवशी मासळी येत नव्हती, तेव्हा ओट्यावर वासही नसणार. मनीला माजघराशेजारच्या खोलीत ठेवले, खिडकीला जाळी मारली, घमेल्यात वाळू दिली. पहिल्या दोन रात्री तिने घर डोक्यावर घेतले. मांजराला बाहेर मोकळे ठेवून हे पथ्य होत नाही, कारण शेजारच्या उकिरड्यावरचे एक डोकेही सगळ्यावर पाणी फिरवते.

आजींच्या नातीने, तिसरीतली मुलगी, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खुणा करायला सुरुवात केली. फार खाजवले तर लाल ठिपका, थोडे खाजवले तर निळा, नाही खाजवले तर काही नाही. पहिले दोन आठवडे पान लालच होते. मुलगा म्हणाला, फुकट मटण चाललेय. चौथ्या आठवड्यात निळे दिसू लागले.

आणि मग मार्गशीर्ष संपला. जानेवारीत घरात पुन्हा मासळी आली. एका दुपारी नातवाला मनीची दया आली. त्याने दाराच्या फटीतून सुक्या बोंबलाचे एक डोके आत सरकवले. कोणाला बोलला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिनदर्शिकेवर लाल, तिसऱ्या दिवशी लाल, मानेवर नवा ओरखडा. घरात सगळे एकमेकांना विचारू लागले तेव्हा पोरगे रडत पुढे आले. आजींनी त्याला मारले नाही. डॉक्टर तर फोनवर खूश झाले, म्हणाले, ‘त्याने आपले काम सोपे केले.’ पण मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरावी लागली.

हे मी मुद्दाम लांबवून सांगतो आहे. पथ्य मांजर मोडत नाही, घरातली माणसे मोडतात. कोणी जेवताना हात खाली करतो, कोणी मासे साफ केलेल्या हाताने तिला कुरवाळतो, कोणी दुधाची वाटी विसळून तिच्यापुढे ठेवतो. जंताचे चवदार औषध, माशाच्या तेलाचे थेंब, तेही या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. घरात दुसरे मांजर असेल तर त्याची ताटली निराळ्या खोलीत ठेवावी. आणि खाजेचे इंजेक्शन चालू असताना पथ्याचा निकाल लावता येत नाही, कारण खाज कशाने थांबली तेच कळत नाही. तसली इंजेक्शने वारंवार दिली तर मांजराला मधुमेह होऊ शकतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

बरे झाले, तरी काम संपत नाही

मार्चच्या मध्यावर नव्याने मोजलेले आठ आठवडे भरले. दिनदर्शिकेचे पान जवळजवळ कोरे होते. मानेवर लव आली होती, पोट झाकले होते. आजी म्हणाल्या, झाले तर मग, आता सोडू तिला. डॉक्टरांनी ‘थांबा’ म्हटले. खाज आपोआपही थांबू शकते, पिसवांच्या औषधानेही थांबू शकते. जुने खाणे पुन्हा देऊन खाज पुन्हा आली, तरच वावडे सिद्ध. ही पायरी लोक टाळतात, आणि त्यात चूक काय, बरे झालेल्या जनावराला पुन्हा खाज कोण आणून देईल? पण ती टाळली तर मांजर जन्मभर महागड्या मटणावर राहते आणि दोष कशात होता ते कळत नाही.

शिमग्याच्या आधी बांगडा दिला. नुसता उकडलेला, काटे काढून, मटणाबरोबर थोडा थोडा. तिसऱ्या दिवशी लाल ठिपका. लगेच बंद केला. बहुतेक मांजरांत खाज आठवड्याच्या आतच परतते, क्वचित दोन आठवडे लागतात. पुन्हा मटणावर आणून अंग शांत होऊ दिले. एप्रिलमध्ये उकडलेली कोंबडी दोन आठवडे दिली. काही झाले नाही. मग अंडे दिले, तेही सोसले. दुधाने खाज आली नाही, पण पातळ शी झाली. मोठ्या मांजराला दुधातली साखर पचत नाही, तो वेगळा भाग, दूध बंदच केले. एका वेळी एकच पदार्थ, हा नियम मात्र मोडला नाही.

म्हणजे निकाल असा लागला की खाडीकाठी जन्मलेल्या मांजराला मासळीचे वावडे. मटण सुटले, कोंबडी चालू झाली, खर्च निम्म्याहून खाली आला. कोंबडीचे मांस आणि दिल, अधूनमधून अंडे, थोडे काळीज. नुसत्या मांसावर ठेवलेल्या मांजराला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडतो आणि हाडे ठिसूळ होतात. म्हणून अंड्याच्या कवचाची भाजून केलेली बारीक पूड खाण्यात घालावी लागते. तिचे माप आणि बाकी जीवनसत्त्वांचे प्रमाण आपल्या मांजराच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. तयार खाद्याचे पाकीट आणणार असाल तर पुढचे मोठे चित्र पाहू नका, मागची बारीक अक्षरे वाचा. वर ‘चिकन’ लिहिलेल्या पाकिटात पुष्कळदा मासळीची भुकटी किंवा ट्यूना असतो. आजींच्या मुलाने आणलेल्या पहिल्या दोन पाकिटांत तो होता.

मे महिन्यापासून मनी पुन्हा मोकळी फिरते. कोंडून ठेवणे जन्मभर चालणार नव्हते, आणि कणगीला तिची गरज होती. उंदीर तिला सोसतो, पाल सोसते. मासळीचा बंदोबस्त मात्र सगळ्या वाडीला करावा लागला. आजींनी चार घरांत जाऊन सांगितले की मासे धुतलेले पाणी आणि डोकी उघड्यावर टाकू नका, झाकणाच्या बादलीत ठेवा. सकाळी टोपली घेऊन येणाऱ्या मासळीवालीला तर त्यांनी दम भरला. ती बिचारी सवयीने मनीपुढे एक तारली टाकायची. वर्षभरात दोनदा मनी कुठून तरी खाऊन आली आणि दोनदा दिनदर्शिकेवर ठिपके आले. चार-सहा दिवसांत उतरले. इंजेक्शन लागले नाही.

२०२४ च्या भातकापणीला पुन्हा त्या घरी गेलो. मनी कणगीच्या तट्ट्यावर बसली होती आणि मान भरून आली होती. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, ‘आमचा माजर मासो खाणा नाय,’ आणि कोणाचा विश्वास बसत नव्हता. ठिपक्यांच्या दिनदर्शिकेचे पान नातीने जपून ठेवले होते. शेजारच्या घरातला बोका खाजवू लागला म्हणून ते लोक पान मागून घेऊन गेले आणि लगेच त्याचे खाणे बंद करायला निघाले. आजींनी त्यांना थांबवले, घरातली फणी आणली, ओला कागद आणला. बोक्याला नुसत्या पिसवा निघाल्या.